गळ्यातला स्कार्फ आणि कोकणातला घाम

प्रश्न थोडक्यात असा आहे. पावसहून रोज स्कूटरने रत्नागिरीला ऑफिसला येणारी एक मुलगी विचारते: "ताई, फोटोंमध्ये बायकांच्या गळ्यात स्कार्फ किती छान दिसतो. मी घातला की तासाभरात मानेला चिकटतो, त्याची दोरी होते आणि ऑफिसात जो तो विचारतो, काय गो, घसा धरलाय काय? त्यात माझी मान आखूड. कोणता स्कार्फ घेऊ, कसा बांधू आणि पावसाळ्यात काय करू?"

आधी मीच तुला एक विचारते. सकाळी भाट्याच्या पुलावरून येताना तोंडाला गुंडाळलेला स्कार्फच सोडून गळ्यात टाकतेस ना? माझ्या शिवणाच्या दुकानात येणाऱ्या बहुतेक मुली हेच करतात, आणि बिघडतं ते तिथेच. प्रवासाचा स्कार्फ वेगळा आणि मिरवायचा वेगळा. प्रवासाच्या स्कार्फने ऊन आणि धूळ अडवायची असते, म्हणून तो मोठा, घट्ट विणीचा आणि गडद रंगाचा हवा. पातळ पांढऱ्या मलमलमधून ऊन बऱ्यापैकी आत येतं. केंब्रिक किंवा पॉपलिनसारखं गच्च विणलेलं, निळं-तपकिरी सुती कापड ते जास्त अडवतं. गळ्यात शोभेला घालायचा तो नेमका उलटा हवा: लहान, विरळ, हलका. एकाच कापडाकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात. तेव्हा ऑफिसात पोचलीस की प्रवासाचा स्कार्फ खुर्चीच्या पाठीवर वाळत टाक, मान पुसून घे, पाच मिनिटं वारा लागू दे आणि मग पर्समधला दुसरा काढ. इतकं केलंस तरी अर्धी तक्रार मिटेल.

आता फोटोंबद्दल. त्यातला चौकोनी रेशमी स्कार्फ म्हणजे बहुतेक वेळा फ्रान्सच्या एर्मेस कंपनीने १९३७ साली काढलेल्या स्कार्फचा वंशज. ९० सेंटिमीटर बाय ९० सेंटिमीटर, ट्विल विणीचं रेशीम, कडा हाताने वळलेल्या. हे माप आणि ही वीण तिकडच्या थंड हवेसाठी, कोटाच्या गळ्यात घालण्यासाठी ठीक. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तो सव्वा मीटरच्या वर भरतो. दुमडून मानेभोवती घेतला की कापडाचे सात-आठ थर बसतात, वर दोन वेढे. पॅरिसमध्ये त्याची ऊब लागते, आपल्याकडे मे महिन्यात त्याचा पोटीस होतो. स्कार्फ आपल्याला शोभत नाही असं नाही; आपण माप तिकडचं घेतो, एवढंच. इथे २१-२२ इंचांचा चौकोन पुरतो. त्यापेक्षा मोठा गळ्यात घालायचाच नाही, असं मी सरळ सांगते.

कापडाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. आपल्याकडे ऊन जेवढं छळत नाही तेवढी दमट हवा छळते. घाम येतो आणि वाळत नाही, म्हणून मानेजवळचं कापड घाम पिणारं आणि लगेच सोडणारं हवं. साधारण हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतं, रेशीम ११ टक्के, व्हिस्कोस १२-१३ टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे पॉलिएस्टर सॅटिनच्या स्कार्फखाली घाम तसाच राहतो आणि कापड कातडीवर घसरत बसतं. व्हिस्कोस ओलावा भरपूर पितं, अंगावर सुरेख पडतं, दुकानात बघताक्षणी आवडतं. पण ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते आणि ते ताणलं जातं. गाठीपाशी ओढून-ओढून त्याची दोरी होते. तुझा सध्याचा स्कार्फ व्हिस्कोसचा किंवा ज्याला रेयॉन म्हणतात त्याचाच असणार, पैज लावते.

राहता राहिली मलमल. ८० किंवा १०० काउंटची (काउंट जितका जास्त, सूत तितकं बारीक) सुती मलमल किनाऱ्यावर सगळ्यात उत्तम, तिच्याखालोखाल कोटा डोरिया आणि सिल्क-कॉटन चंदेरी. कोटा दिसतो फार देखणा, पण त्याच्या जाळीत कानातलं आणि नखं अडकतात. तुझे झुमके लोंबते असतील तर नको. लिनन घाम उत्तम पितं, मात्र त्याच्या चुण्या दुपारपर्यंत अशा होतात की उशीखालून काढल्यासारखं दिसतं. हल्ली खणाचे स्कार्फ निघालेत. खण दिसतो छान, पण तो जाड आणि ताठ. त्याची पर्स शिव, जाकीट शिव, गळ्यात नको.

बाजारात "मलमल" आणि "सिल्क" हे शब्द फार सैल वापरतात. दुकानात उभ्या-उभ्या करायची परीक्षा सांगते. कापड मुठीत घट्ट आवळ, दहा आकडे मोज, सोड. अजिबात चुणी नाही पडली तर पॉलिएस्टर आहे किंवा त्याचं प्रमाण बरंच आहे. कडेचा एखादा सुटा धागा मिळाला तर घरी आणून चिमट्यात धरून पेटव. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटाने चुरगळते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. पाण्याचा थेंब टाकून बघतात त्यावर मात्र फार विसंबू नकोस, नव्या सुती कापडावर खळ असली तर थेंब तिथेही घरंगळतो.

खरं सांगायचं तर तयार स्कार्फ घेऊच नकोस. सव्वा मीटर छापील मलमल घे, पन्हा ४४ इंच असतो. घरी आणून रात्रभर साध्या पाण्यात भिजव, न पिळता वाळव, ओलसर असतानाच इस्त्री कर. सूत पहिल्या पाण्यात आटतं. न भिजवता शिवलंस तर चौकोनाचा पहिल्या धुण्यात पतंग होईल. आटल्यावर पन्ह्याकडून साधारण ४२ इंच उरतात, त्यात २१ इंचांचे चार चौकोन बसतात. कापताना कात्री आधी लावू नकोस. हव्या त्या ठिकाणी आडवा एक धागा सुईने उचलून ओढ, धागा निघून गेला की तिथे बारीक रेघ दिसते, त्या रेघेवर काप. मलमल नुसत्या नजरेने सरळ कापली जात नाही.

आता कड. शिंप्याकडे टाकलंस तर तो पिको करून देईल. साडीला पिको ठीक, पण एवढ्याशा चौकोनाला ती कडक कड मानेला टोचते आणि कापड लाटेसारखं उठतं. इंटरलॉक तर त्याहून वाईट. त्याने स्कार्फ नाही, जुन्या चादरीचा तुकडा वाटतो. हाताने वळ. दहा नंबरची बारीक सुई, कापडाच्या रंगाचा एकेरी धागा. कडेला चिकटलेले सुटे धागे छाटून टाक. डाव्या हाताचा अंगठा किंचित ओला कर आणि तर्जनीवर कापडाची कड वात वळतो तशी वळ, बारीक. सुई आधी त्या वळलेल्या नळीतून चालव, मग नळीच्या खाली लागूनच कापडाचा एकच धागा उचल, परत नळीत. असे चार-पाच टाके सैल घे आणि मग धागा हळूच ओढ. नळी आपोआप मिटते आणि टाके दिसेनासे होतात. कोपऱ्यावर घाई करू नकोस, तिथे दोनदा टाका मार. मालिका बघता-बघता एका संध्याकाळी एक बाजू होते. अशी कड गुबगुबीत राहते, इस्त्रीने ती दाबून सपाट करायची नाही. स्कार्फ भारी की साधा, हे लांबून कडेवरच कळतं. छपाई किती का सुंदर असेना.

बांधायचा कसा? चौकोन टेबलावर पसर. समोरासमोरचे दोन कोपरे मधोमध आणून टेकव. मग दोन्ही बाजू पुन्हा मध्याकडे दुमडत जा, दीड-दोन इंच रुंदीची पट्टी होईपर्यंत. ही पट्टी उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, आहे हे लक्षात घे. कापड उभ्या-आडव्या धाग्याने ताणलं जात नाही, उरेब ताणलं जातं. म्हणून कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे केलेली पट्टी मानेच्या गोलाईवर बसते, आणि सरळ घडी घातलेला रुमाल पट्ट्यासारखा उभा राहतो. २१ इंचांच्या चौकोनाची तिरकी लांबी जवळजवळ ३० इंच. मान १३-१४ इंच धर, वर सैलपणा, गाठीला थोडं गेलं, तरी दोन्हीकडे चार-चार इंचांची टोकं उरतात. तेवढीच हवीत.

गाठ मात्र शिकून घे. उजवं टोक डाव्यावरून घालून एक फेरा, मग उलट, आता डावीकडे असलेलं टोक उजव्यावरून घालून दुसरा. शिडाच्या होड्यांवर हीच चपटी गाठ मारतात. बरोबर बसली की दोन्ही टोकं पट्टीच्याच रेषेत, कानांच्या दिशेने आडवी पडतात. चुकली की टोकं वर-खाली उभी राहतात, एक हनुवटीत घुसतं आणि दुसरं छातीवर लोंबतं. मग आपण ते सारखं ओढत बसतो, आणि स्कार्फ सारखा ओढणारी बाई कधीच ऐटदार दिसत नाही. गाठ मारल्यावर मान आणि कापड यांच्यात दोन बोटं आरामात जायला हवीत. फॅशन म्हणून नाही सांगत, त्या फटीतून वारा खेळतो.

मान आखूड असेल तर मानेवर नकोच. पट्टी गळपट्टीच्या हाडांवर उतरू दे, गाठ मधोमध न ठेवता डाव्या किंवा उजव्या खांद्याकडे सरकव आणि खालचा गळा व्ही आकाराचा असू दे. हनुवटीपासून गाठीपर्यंत जेवढी मोकळी कातडी दिसते तेवढी मान लांब वाटते. बंद गळ्याच्या, चायनीज कॉलरच्या कुडत्यावर स्कार्फ घालूच नये, लांब मानेच्या बाईनेसुद्धा. शर्ट असेल तर वरची दोन बटणं सोडून पट्टी कॉलरच्या आत घे, टोकं आत दिसली न दिसलीशी. भरतकाम केलेल्या गळ्यावर स्कार्फ म्हणजे दोन पाहुण्यांना एकाच पाटावर बसवणं.

रंगाचं फार मनावर घेऊ नकोस. साध्या कुडत्यावर छापील, छापीलवर साधा, एवढं पुरे. फक्त पांढराशुभ्र टाळ. पावडर, घाम आणि सनस्क्रीन यांनी तो गळ्याशी महिन्याभरात पिवळा पडतो. मधल्या छटेची बारीक छपाई असली की घामाचा ओला डाग उठून दिसत नाही, म्हणून मी स्वतः राजस्थानच्या बगरू किंवा सांगानेरी छापाला पहिली पसंती देते. कच्छकडचा छापील अजरख मला प्राणाहून प्रिय, पण निळीचा अजरख नवा असताना नुसत्या घासण्यानेही रंग देतो. पांढऱ्या कॉलरवर तो पहिले काही दिवस नको.

"घसा धरलाय काय" याचं म्हणशील तर, गाठ मानेच्या मधोमध आणि स्कार्फ हनुवटीपर्यंत चढलेला असला की आजारपणच आठवतं. खाली उतरवून बाजूला गाठ घेतलीस की निम्मे लोक विचारायचे थांबतील. उरलेले आठवडाभर विचारतील आणि मग त्यांच्यातलीच एखादी कुठून घेतलास म्हणून विचारेल. आणि आपल्याकडे पुरुषांनी कायम कापड मिरवलंय की. कोळ्यांचा चौकड्याचा रुमाल बघ, कमरेला असो नाहीतर डोक्याला, काय रुबाब असतो! त्या चौकड्यांचं हातमागाचं सुती कापड मिळालं तर त्याचाही स्कार्फ फक्कड होतो.

एप्रिल-मेमध्ये मान खरंच नको म्हणत असेल तेव्हा स्कार्फ मानेवरून काढून दुसरीकडे ने. अंबाड्याभोवती पट्टी गुंडाळून खाली गाठ मार, किंवा वेणीत तिसरा पेड म्हणून गुंफ. मान मोकळी आणि शोभा ती शोभा. सुरंगीच्या फुलांचा वळेसर (गजरा) माळलेला असेल त्या दिवशी मात्र केसांना स्कार्फ नको, वळेसरापुढे काही टिकत नाही. पर्सच्या हँडललाही गच्च गुंडाळता येतो. घामाने सोललेलं हँडल झाकतं आणि हाताला गार लागतं. मनगटावर बांधतात ते कॉलेजपर्यंत ठीक.

समुद्रावर, आरे-वारेला किंवा गणपतीपुळ्याला जायचं असेल तर दुपारी खारे वारे सुटले की लांब स्टोलची दैना होते. तिथे ३६ इंचांचा मोठा चौकोन त्रिकोणी दुमडून डोक्यावरून घे आणि टोकं हनुवटीखाली न बांधता मानेमागे, केसांच्या खाली बांध. केसही आवरतात आणि फोटोतही चेहरा मोकळा दिसतो.

स्कूटरवर मात्र शोभा-बिभा बाजूला. १९२७ साली फ्रान्समध्ये नीस शहरात इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका उघड्या मोटारीतून जात असताना तिचा लांब स्कार्फ चाकात अडकला आणि ती जागच्या जागी गेली. आपल्याकडे ओढण्या चाकात गेल्याच्या बातम्या येतात त्याही तशाच. त्यामुळे प्रवासाच्या स्कार्फची दोन्ही टोकं शर्टाच्या किंवा जाकिटाच्या आत खोचलेली पाहिजेत, नुसती पाठीवर टाकलेली नाहीत. डोक्याच्या मागे गाठ असेल तर हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून तिथे गाठ न मारता टोकं पुढे आणून गळ्याशी खोच. आणि डोळ्यांच्या कडेने गाडी दिसायला हवी. काही मुली इतकं गुंडाळतात की मान वळवली तरी स्कार्फचीच भिंत.

पावसाळ्याचे नियम वेगळे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मलमलसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर सुताला कुबट वास सुटतो. एरवी पॉलिएस्टरला नाकं मुरडणारी मी, जून ते सप्टेंबर पॉलिएस्टर जॉर्जेटला हो म्हणते. ते पाणी पीत नाही, झटकलं की वाळतं, आणि त्या दिवसांत हवा थोडी उतरलेलीही असते. फक्त सैल घाल, वेढा एकच.

पावसात खरी भीती रंगाची. भिजलेला लाल बांधणीचा स्कार्फ फिकट कुडत्याचं काय करतो ते एकदा बघितलेली बाई विसरत नाही. नवा स्कार्फ घालण्याआधी त्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून धर. रुमालावर रंग उतरला तर तो स्कार्फ वेगळा, थंड पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा-पुन्हा धुवायचा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो म्हणतात, ते खरं नाही. रंगारी कापड रंगवताना रंगाच्या पाण्यात मीठ घालतात, कारण त्याने रंग सुताकडे ओढला जातो. आधीच रंगवलेल्या कापडाचा सुटा रंग मिठाने किंवा व्हिनेगरने बांधला जात नाही.

रेशमाचा हट्ट असेलच तर पौष-माघातल्या संध्याकाळी, लग्नाला, किंवा कोकण रेल्वेच्या एसी डब्यात घाल. घामातले क्षार रेशमाचा धागाही खातात आणि रंगही. घातल्या दिवशी सावलीत वारा दे, घाम लागलाच असेल तर थंड पाण्यात रिठ्याच्या फेसात बुचकळून काढ, पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब आणि सावलीत वाळव. अत्तर आधी, स्कार्फ नंतर.

डागांचं आपल्याकडचं प्रकरण निराळंच. काजूच्या बोंडाचा रस आणि आंब्याचा चीक यांच्यापुढे मी हात टेकलेत; त्या दिवसांत बागेत जाताना स्कार्फ घरी ठेव. कोकमाचा डाग ताबडतोब गार पाण्याखाली धरला तर बराचसा निघतो. गळ्यापाशी तांबूस-नारिंगी डाग पडत असतील तर कारण सनस्क्रीन असू शकतं. काही सनस्क्रीनमधला अ‍ॅव्होबेन्झोन हा घटक पाण्यातल्या लोहाशी मिळून गंजासारखा डाग करतो, आणि विहिरीच्या पाण्यात लोह जास्त असेल तिथे हे हमखास होतं. त्यावर ब्लीच टाकलंस तर डाग आणखी पक्का. सुती कापड असेल तर लिंबाचा रस लाव, थोड्या वेळाने धू, रेशमाला तेही नको.

ठेवणीतल्या स्कार्फला खळ लावू नकोस. खळीवर पावसाळ्यात बुरशी आलीच समज, आणि कसरीलाही तीच आवडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस, जुन्या धुतलेल्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेव, महिन्यातून एकदा घडी मोडून दुसरी घाल. जरीची किनार असेल तर डांबराच्या गोळ्या दूर, जर काळी पडते. आणि स्कार्फ बसावा म्हणून टाचणी किंवा सेफ्टी पिन लावतेस ती घरी आल्यावर आठवणीने काढ. खाऱ्या हवेत साधी पिन काही दिवसांत गंजते आणि मलमलवर दोन तपकिरी ठिपके कायमचे बसतात. स्टीलची घे. त्याहून बरं म्हणजे, चपटी गाठ नीट आली की पिनेची गरजच पडत नाही.